अंगणात आपणहून उगवलेली झाडं ओळखायची कशी?

मृगाचा पाऊस चांगला लागला की आठ-दहा दिवसांत अंगणात, कंपाउंडच्या कडेला, पायऱ्यांच्या फटींत आणि रिकाम्या कुंड्यांतही हिरवे कोंब वर येतात. आपण त्या सगळ्यांना मिळून ‘गवत’ म्हणतो आणि माळीबुवा आले की एका दुपारीत साफ करायला सांगतो. त्यात खरं गवत थोडंच असतं. भाजी करता येईल अशी झाडं असतात, जनावरं तोंड लावत नाहीत अशी असतात, मेक्सिकोहून आलेली असतात आणि गणपतीच्या पत्रीत लागणारीही असतात. ती ओळखायला वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही. बघायचं कुठे, हे मात्र माहीत हवं.

खालची उदाहरणं पुणे, कोल्हापूर आणि कोकण या पट्ट्यातली आहेत. विदर्भ-मराठवाड्यात काही नावं बदलतील, पद्धत तीच राहील.

नवखा माणूस पहिल्या मिनिटाला नाव विचारतो आणि तिथंच फसतो. आधी झाडाचं कूळ, म्हणजे सारख्या ठेवणीच्या झाडांचा मोठा गट, ठरवायचं. महाराष्ट्रात फुलझाडांच्या जाती हजारोंनी आहेत, पण घराभोवती आपणहून येणाऱ्या झाडांपैकी बहुतेक दहा-बारा कुळांत बसतात. कूळ कळलं की शोध हजारांवरून पंधरा-वीस नावांवर येतो आणि मग नाव सापडायला वेळ लागत नाही.

उपटू नका, खूण करा

अंगणाचा एक कोपरा, चार बाय चार फुटांचा असला तरी चालेल, या पावसाळ्यापुरता न खुरपता सोडा. जे झाड ओळखायचं आहे त्याच्याशेजारी चिंधी बांधलेली काडी रोवा आणि माळीबुवांना दाखवून ठेवा. नाहीतर नेमकं फुलायच्या आदल्या दिवशी ते जातं. बहुतेक रोपटी जून-जुलैत नुसती पानं दाखवतात. फुलं श्रावण-भाद्रपदात येतात, बिया दसऱ्याच्या आसपास धरतात. नुसत्या पानावरून नाव सांगणं जाणकारालाही अवघड जातं, तेव्हा तुम्हाला जमलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका, थांबा.

याला एक अपवाद आहे, गाजरगवत. जमिनीला चिकटून चक्रासारखी पसरलेली, गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली, फिकट हिरवी लवदार पानं दिसली तर फुलाची वाट पाहू नका. १९५० च्या दशकात त्याची पुण्यात नोंद झाली आणि परदेशातून आलेल्या धान्याबरोबर ते पसरलं असं मानतात. आता ते देशभर आहे. एका झाडाला हजारो बिया धरतात, अंगाला खाज सुटते, दम्याच्या माणसाला त्रास होतो. हातमोजे घालून, फुलण्याआधी, मुळासकट काढा. पानांवर पिवळसर अंगाचे, काळ्या रेघांचे छोटे भुंगेरे दिसले तर त्यांना मारू नका. गाजरगवत खाण्यासाठीच हा मेक्सिकन भुंगेरा १९८० च्या दशकात बंगळुरूला मुद्दाम आणला गेला होता.

ते आलं कुठून?

झाडाजवळ उभं राहून आधी हा प्रश्न विचारा. कुंडीत उगवलं असेल तर ते बहुधा नर्सरीच्या मातीतून आलेलं असतं. आंबुटी, भुईआवळा, नायटी आणि पाण्याने भरल्यासारखी काचेरी दिसणारी पेपेरोमिया ही मंडळी कुंडीबरोबर फुकट घरी येतात. भिंतीच्या फटीत किंवा तारांखाली उगवलं असेल तर पक्ष्यांनी टाकलेलं बी असण्याची शक्यता मोठी: पिंपळ, उंबर, कडुनिंब, कढीपत्ता, घाणेरी. म्हातारीसारखं उडणारं बी असेल तर रुई किंवा सूर्यफुलाच्या कुळातलं कोणीतरी. आघाडा तर तुमच्याच धोतराला, पॅन्टला किंवा कुत्र्याच्या केसांना चिकटून येतो.

जुन्या बंगल्याच्या आवारात आणखी एक शक्यता असते. आधीच्या पिढीने लावलेलं झुडूप मोडून गेलेलं असतं आणि पावसात मुळातून पुन्हा फुटतं. अडुळसा, निर्गुडी, कोरांटी ही अशी चिवट मंडळी. घरातल्या वयस्क माणसाला विचारा, अर्धं काम तिथंच होतं.

पान नीट बघा

इथं घाई करू नका. तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, पानं खोडावर समोरासमोर आहेत की एकाआड एक? हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कामाचा प्रश्न आहे. घाणेरी, तुंबा, अडुळसा, आघाडा, एकदांडी यांची पानं समोरासमोर. माठ, टाकळा, चिकणा, धोत्रा यांची एकाआड एक. कण्हेरीची बहुधा तीन-तीन पानं एकाच पेरावर गोल येतात, तर तिच्यासारखीच दिसणारी पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, एकाआड एक पानांची. फूल नसतानाही या दोघी एवढ्यावरून वेगळ्या काढता येतात.

दुसरी, पान साधं आहे की संयुक्त, म्हणजे अनेक छोट्या पर्णिका मिळून बनलेलं? टाकळ्याचं एक पान म्हणजे सहा हिरव्या पर्णिका मिळून. नवखा माणूस त्या एकेका पर्णिकेला पान समजतो आणि पुढचं सगळं चुकतं. याला पक्की कसोटी आहे: पान जिथं खोडाला जुळतं त्या बेचक्यात कोंब किंवा कळी असते, पर्णिकेच्या बेचक्यात ती कधीच नसते. आता भुईआवळा घ्या. आवळ्याच्या किंवा चिंचेच्या पाल्यासारखा दिसतो, म्हणून सगळे त्याला संयुक्त पानाचा समजतात. पण डहाळी उलटी करून पाहा. प्रत्येक बारीक पानाच्या बेचक्यात खाली फूल किंवा मोहरीएवढं हिरवं फळ ओळीने लटकलेलं असतं. म्हणजे ते पान नाही, पानं धरलेली डहाळी आहे. ही एक गोष्ट भुईआवळ्यावर समजून घेतली की संयुक्त पानाचा गोंधळ कायमचा संपतो.

तिसरी, शिरा. सरळ, एकमेकींना समांतर धावत असतील तर झाड बहुधा एकदल, म्हणजे बियातून एकच दल निघणारं: गवत, केना, फोडशी. जाळीदार असतील तर द्विदल, दोन दलांचं. पानाच्या देठापासूनच तीन ठळक शिरा त्रिशूळासारख्या निघत असतील तर तीही नोंद करा, पुढे उपयोगी पडेल.

मागची बाजू पाहायला विसरू नका. निर्गुडीचं पान वरून हिरवं आणि खालून राखाडी-पांढरट असतं. 

खोड, चीक, वास

खोड दोन बोटांत धरून फिरवा. चार कडा लागल्या तर तुळशीच्या कुळाकडे बघा: तुंबा, रानतुळस. पण लगेच शिक्कामोर्तब करू नका, घाणेरीचं खोडही चौकोनी असतं आणि ती त्या कुळातली नाही. घाणेरीला खोडावर उलटे वळलेले काटे असतात आणि पान सँडपेपरसारखं खरखरीत लागतं.

एक पान तोडून देठाकडे बघा. पांढरा चीक आला तर रुई, नायटी, करवंद, कण्हेर अशांपैकी कोणीतरी. पिवळा चीक आला आणि पानं काटेरी, पांढऱ्या शिरांची असतील तर पिवळा धोत्रा. चीक हाताला लागला तर लगेच धुवा आणि तोवर डोळ्याला हात लावू नका. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते, हे गमतीवारी नेण्यासारखं नाही. तळहातावर जखम किंवा कापलेलं असेल त्या दिवशी ही तपासणी राहू द्या.

वासासाठी पान चुरगळा. ओसाडी, रानतुळस, निर्गुडी, कढीपत्ता, घाणेरी डोळे मिटूनही कळतात. माक्याची कसोटी वेगळी आहे. ओलसर जागी, नळाच्या खाली बारीक पांढऱ्या फुलांचं झाड असेल तर खोड किंवा पान चुरडा आणि थोडा वेळ थांबा. रस काळपट पडला तर माका.

चव घेऊन झाड ओळखायचं नाही. जुनी जाणती माणसं घेतात, त्यांना आधीच ठाऊक असतं ते कोण आहे.

फूल: मोजा, मग बघा

फूल आलं की पाकळ्या मोजा. तीन किंवा सहा असतील तर एकदल, चार-पाच असतील तर बहुधा द्विदल. पाकळ्या सुट्या आहेत की खाली जुळून नळी झाली आहे? फूल चारी बाजूंनी सारखं आहे की त्याला वर-खाली असा चेहरा आहे? एवढ्या तीन प्रश्नांवर कूळ बऱ्याचदा उलगडतं. दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग मिळालं तर फारच बरं, नसेल तर मोबाइलचा कॅमेरा झूम करून चालतं.

सूर्यफुलाच्या कुळात फसगत ठरलेली. ज्याला आपण एक फूल म्हणतो तो अनेक बारीक फुलांचा गुच्छ असतो. एकदांडीचं फूल मधोमध फाडून पाहा. पिवळ्या मधल्या भागात सुईएवढी नळीदार फुलं दाटीने बसलेली दिसतील, आणि कडेची फिकट ‘पाकळी’ म्हणजेही स्वतंत्र फूल. या एका कुळाने पावसाळी अंगण भरलेलं असतं: लांब दांड्यावर एकच फूल धरणारी एकदांडी (काही ठिकाणी दगडी पाला, कंबरमोडी), जांभळट पुंजक्यांची सहदेवी, निळसर फुलांची ओसाडी, माका, गाजरगवत. अंगणातलं अनोळखी फूल दिसलं की पहिली शंका या कुळाची घ्या.

वर एक मोठी पाकळी, दोन बाजूंना आणि खाली दोन जुळून होडीसारखी झालेली, असं फूल म्हणजे वाटाण्याचं, गोकर्णीचं कूळ. शेंग धरली की खात्रीच. टाकळा, कासविंदा हेही शेंगवालेच, पण त्यांची पिवळी फुलं मोकळी पाचपाकळी असतात, फुलपाखरासारखी नसतात.

मधोमध पुंकेसरांची नळी उभी असेल तर जास्वंदीचं कूळ. चिकणा, बला, वनभेंडी, पेटारी ही त्यातली घराभोवतीची नावं. यांची साल ओढली की चिवट धागा निघतो. पेटारीची पिवळी फुलं दुपार उतरल्यावर उमलतात, म्हणून सकाळी पाहणाऱ्याला ती नेहमी कळीतच भेटते. केन्याचं उलटं आहे. त्याची निळी फुलं सकाळी उमलतात आणि ऊन चढलं की मिटतात.

ओठ उघडल्यासारखं फूल आणि समोरासमोर पानं असतील तर दोन कुळं शक्य आहेत, तुळशीचं किंवा अडुळशाचं. तुळशीच्या कुळात चौकोनी खोड आणि बहुधा वास असतो. अडुळशाच्या कुळात फळ म्हणजे एक छोटी कोरडी बोंडी, वाळल्यावर तटकन फुटणारी. जांभळ्या फुलांच्या रुएलियाची वाळलेली शेंग पाण्यात टाकून फुटताना पाहणं हा मुलांचा आवडता उद्योग, आणि ओळख पटवायचा सोपा मार्गही.

कर्ण्यासारखं फूल आणि चढणारी वेल म्हणजे गारवेलीचं कूळ. तेरडा तर सगळ्यांना ठाऊक. फुलामागे शेपटीसारखी वळलेली नळी आणि हात लावताच उडणारी बोंडं. कोकणात गौरी आणतात त्या याच तेरड्याच्या. त्याचा रंग तीन दिवस म्हणतात ते फोटो काढणाऱ्यानेही लक्षात ठेवावं, उद्यावर टाकू नये.

झुडपं, फूल नसताना

झुडूप वर्षभर तिथंच असतं, त्यामुळे घाई नसते. त्याला पानांवरून बरंच ओळखता येतं. पंजासारख्या तीन-पाच पर्णिका, समोरासमोर, उग्र वास: निर्गुडी. हाताच्या पंजाएवढी पानं, समोरासमोर, गुळगुळीत, बोकडही तोंड लावत नाही: अडुळसा, थंडीत पांढरी ओठदार फुलं आली की शिक्कामोर्तब. चिंचेसारखी दुहेरी बारीक पानं, काटे अजिबात नाहीत आणि चपट्या तपकिरी शेंगांचे घोस: सुबाबूळ. काटे असतील आणि फुलाचा गोंडा पिवळा असेल तर बाभूळ.

कोकणात, आणि हल्ली घाटमाथ्यावरही, कंपाउंडला लागून दाट वाढणारं एक झुडूप घाणेरी समजलं जातं. समोरासमोर पानं, चुरगळल्यावर वास. पण खोड गोल आणि मऊ लव असलेलं, काटे नाहीत, पान त्रिकोणी आणि बुडाशी त्या त्रिशूळासारख्या तीन शिरा. ही रानमोडी. थंडीत फिकट जांभळट-पांढऱ्या फुलांचे झुबके येतात. घाणेरी आणि रानमोडी दोघी अमेरिकेकडच्या, दोघी पसरणाऱ्या. माझं स्पष्ट मत आहे की अंगणात या दोघींना ओळख पटली की निरोप द्यावा.

फसवणाऱ्या जोड्या

रानभाज्यांच्या हौसेमुळे इथं जपून वागायला हवं. टाकळ्याच्या कोवळ्या पानांची भाजी घरोघरी होते. त्याच्या बरोबरीने कासविंदा उगवतो. टाकळ्याला पर्णिकांच्या तीन जोड्या, टोक गोलसर, बुडाकडे निमुळत्या. कासविंद्याला चार-पाच किंवा जास्त जोड्या, पर्णिका टोकदार. टाकळ्याची शेंग बारीक, लांब, विळ्यासारखी वाकलेली. कासविंद्याची चपटी आणि कडेने फिकट. कासविंद्याच्या बिया मुलांच्या हाती लागू देऊ नका. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं दगावत होती, त्यामागे या बिया खाणं हे कारण असल्याचं डॉक्टरांनी २००७ साली दाखवून दिलं.

घोळीची भाजी खुडताना तिच्यात गुंतून नायटीची बारीक जात येते. दोन्ही जमिनीसरपट, दोन्हींची खोडं लालसर. घोळीचं खोड मांसल, रसरशीत आणि रस पाण्यासारखा. नायटीचं तारेसारखं बारीक आणि तोडताच पांढरा चीक. प्रत्येक जुडी मोडून बघायला एक मिनिट लागतं. काटेमाठ मात्र फसवत नाही, बेचक्यातले काटे बोटाला लागले की कळतो.

‘ब्राह्मी’ हे नाव ऐकून कोणी रोप दिलं तर विचारा, कुठली? गोल, कातरलेल्या कडांची, मूत्रपिंडासारखी पानं असतील तर ती मंडूकपर्णी. बारीक, जाड, लांबट पानं समोरासमोर आणि फिकट जांभळट-पांढरी फुलं असतील तर दुसरी. महाराष्ट्रात दोघींना ब्राह्मी म्हणतात. अशा ठिकाणी शास्त्रीय नाव लिहून ठेवणं भाग पडतं: पहिली सेंटेला एशियाटिका, दुसरी बकोपा मोनिएरी.

अंगणात सापडू शकतील अशी खरी विषारी झाडं थोडी आहेत, ती आधी पाठ करा: धोत्रा, कण्हेर, बिट्टी, रुई, कळलावी, गुंजेच्या बिया, एरंडाच्या बिया. घरात रांगतं मूल असेल तर बिट्टीची हिरवी फळं आणि गुंजा रोज झाडून काढा. मुलाने काही तोंडात घातलं असेल तर झाडाची फांदी फळासकट बरोबर घेऊन सरळ दवाखान्यात जा, नाव शोधत बसू नका.

फोटो आणि ॲप

एका फुलाचा सुंदर फोटो ओळखायला जवळपास निरुपयोगी असतो. असे फोटो काढा: पूर्ण झाड, शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवून, पान खोडाला जुळतं ती जागा, पानाची मागची बाजू, फूल समोरून, बाजूने आणि मागून, फळ किंवा बोंड. मागे काळं कापड किंवा तळहात धरला की कॅमेरा झाडावर फोकस करतो, मागच्या भिंतीवर नाही. सकाळचं सौम्य ऊन चांगलं. तारीख आणि जागा वहीत लिहा.

गूगल लेन्स आणि प्लँटनेट लगेच नाव सांगतात, आणि चुकीचं असलं तरी तेवढ्याच ठामपणे सांगतात. त्यांचं उत्तर ही सूचना समजा. ते नाव घेऊन कूळ तुमच्या निरीक्षणाशी जुळतं का बघा. समोरासमोर पानांच्या झाडाला एकाआड एक पानांचं नाव आलं तर ते सोडून द्या. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या ॲपवर जाणती माणसं येऊन नाव तपासतात, म्हणून मला ते जास्त भरवशाचं वाटतं. फक्त घराच्या आवारातली नोंद टाकताना ठिकाण ‘अस्पष्ट’ ठेवण्याचा पर्याय निवडा, नाहीतर तुमच्या घराचा पत्ता जगाला दिसेल. आणि कोणत्याही ॲपच्या भरवशावर काही शिजवू नका.

शिकायला आणखी एक हाताशी असलेलं साधन म्हणजे गणपतीतली पत्री. आघाडा, माका, डोरली, धोत्रा, रुई, विष्णुक्रांता, शमी यांची नावं त्या यादीत आहेत. बाजारातल्या पुडीत सगळी पानं बरोबर असतातच असं नाही, म्हणून पुडीवर विसंबण्यापेक्षा यादी घेऊन स्वतःच्या अंगणात शोधा.

तरीही नाव सापडलं नाही तर

फुलासकट आणि शक्य असल्यास फळासकट एक फांदी, किंवा छोटं झाड मुळासकट, जुन्या वर्तमानपत्राच्या घड्यांत पसरून वर जड पुस्तकं ठेवा. एक-दोन पानं उलटी ठेवा, म्हणजे मागची बाजू दिसेल. पावसाळ्यात कागद रोज बदलावे लागतात, नाहीतर बुरशी धरते. फुलाचा रंग वाळल्यावर उडतो, तेव्हा तो आधीच लिहून ठेवा. झाडाची उंची, चीक होता का, वास कसा होता, जागा उन्हाची की सावलीची, हेही त्याच चिठ्ठीवर.

असा वाळवलेला नमुना घेऊन जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात जा. गणेशोत्सव आणि दिवाळी यांच्या मधल्या काळात तिथले शिक्षक अशा गोष्टींना हौसेने वेळ देतात. त्यांनाही कळलं नाही तर पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम प्रादेशिक केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था आहे, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाचा ब्लॅटर वनस्पतिसंग्रह आहे. जाण्याआधी फोन करून नमुना तपासण्याची वेळ आणि शुल्क विचारा, आणि फांद्या दोन न्या. एक त्यांच्याकडे राहते, दुसरी नाव लिहून तुमच्या वहीत.